पाठीशी सूर्य

आमच्या आल्बममधल्या चौपाटीच्या एकाही फोटोत समुद्र नाही. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या चार भावंडांच्या घरात हे नवलच, पण त्याला कारण नानांचा आग्फा क्लिक थ्री. त्या साध्या कॅमेऱ्याला उजेड भरपूर लागायचा, आणि सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशीच हवा, हा नानांचा नियम. संध्याकाळी सूर्य समुद्राच्या अंगाला. मग नाना पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे, आम्ही उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक करायचो, आणि आमच्यामागे यायची ती सगळी मौज: लाकडी पाळणे, घोडे, फुग्यांचा पडदा, त्यापलीकडे विल्सन कॉलेज.

पाळण्याला मोटर नव्हती. पाळणेवाला हातांनी ढकलून तो फिरवायचा. पाळणा वरून खाली येताना पोटात जो खड्डा पडायचा, तो पुन्हा कुठल्याच यंत्राने पाडला नाही. ताई डोळे मिटून घ्यायची, बेबी ओरडायची. फुग्यांची बंदूक मात्र दादाची. नळी मधून मोडायची, छर्रा घालायचा, खटकन बंद करायची. बंदुकीची माशी वाकडी असते आणि नेम जरा डावीकडे धरावा लागतो, हे त्याने आम्हाला इतक्या गंभीरपणे शिकवलं की आजही मला ते खरं वाटतं. पाहुण्यांना पोचवायला चर्नी रोड स्टेशनवर गेलो की वजनाचा काटा. नाणं टाकलं की आतले रंगीत दिवे लुकलुकायचे, चक्र गरगरायचं आणि खण्णकन तिकीट पडायचं. वजन वाचून झालं की त्यावरचं भविष्य आम्ही मोठ्याने वाचायचो.

रोलवर फोटो बाराच. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा बघून नाना पुढचा फोटो जपून काढायचे. मोठे प्रिंट परवडत नसत. निगेटिव्हच्याच मापाचे, सव्वादोन इंची चौकोन. एवढ्याशा चौकोनात आम्ही आपापले चेहरे तेवढे शोधले.

गेल्या वर्षी भाच्याने त्या निगेटिव्ह स्कॅन केल्या. पडद्यावर मोठं चित्र आलं तेव्हा आम्ही चौघंही आमच्याकडे बघायचं विसरलो. शटर धिमं, म्हणून पाळणा धुरकट चक्रासारखा उमटलाय. पाळणेवाल्याचे पाय वाळूत घट्ट, हात मात्र विरघळलेले. फुग्यांच्या पडद्यात एक रांग अर्धी रिकामी. आणि चार फोटोंत, डाव्या कडेला, अर्धवट कापलेली एक बाई. लुगड्याचा काठ, कोपर, आणि हातात लहान चपलांचे चार जोड.

आईचा चौपाटीवरचा फोटो नाही, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो.

मग ताईने ती आठवण काढली. एकदा, एकदाच, आईने चपला बेबीच्या हातात दिल्या, पदर खोचला आणि दादाकडून बंदूक मागून घेतली. ताई म्हणते तीन फुगे फुटले. दादा म्हणतो पाच, आणि पाचवा तर कडेचा, सगळ्यात अवघड. बेबीला फक्त तिचं हसणं आठवतं. मला आठवतात नाना: कॅमेरा डोळ्यांपाशी नेलेला, मग हळूच खाली घेतलेला. लाल खिडकीतला बाराचा आकडा केव्हाच पुढे सरकला होता.