साहेबाला विचारायची भीती

आमच्या तालुक्यात पोलीस भरतीच्या अकॅडमीचे फ्लेक्स पावलोपावली. पहाटे पाचला बायपासवर पोरंपोरी पळताना दिसतात. शिपाई व्हायला, जवान व्हायला आपली मुलं जीव तोडून मेहनत करतात. पण 'अधिकारी हो' म्हणणारा माणूस त्यांना भेटत नाही. ते शहरातल्यांनी, कर्नल-ब्रिगेडियरच्या मुलांनी व्हायचं, हे आपणच ठरवून टाकलंय.

माझी भाची यंदा दहावीला आहे. तिला एनडीएत जायचंय. मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यातून बाहेर पडली, हे तिनंच मला सांगितलं. दाजींचा प्रश्न एकच : खर्च किती? तर कपडे, खिशाखर्च यासाठी पालकांना काही रक्कम भरावी लागते. बाकी शिक्षण, राहणं, जेवण सरकार करतं. म्हणजे अडचण पैशाची नाही. मग कशाची?

ती मला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिसली. हे कार्यालय मुख्यतः माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी असतं, पण मार्गदर्शनही मिळतं. दाजी चपला बाहेर काढून आत गेले आणि उभेच राहिले. साहेब, निवृत्त फौजी अधिकारी, म्हणाले, "बसा हो, हे तुमचंच ऑफिस आहे." मग ते दाजींशी नाही, थेट पोरीशी बोलू लागले. गावात पाणी कुठून येतं? शाळेत मुली किती? पोरगी माझ्याकडे बघायला लागली. साहेब म्हणाले, "मामांकडे नको बघूस बेटा. चुकलं तरी चालेल, पण तू बोल."

दहा मिनिटांनी ती बोलायला लागली. पाणीयोजना तीन वर्षं का रखडली, हेही तिनं सांगून टाकलं!

एनडीएची परीक्षा 1800 मार्कांची. गणित 300, सामान्य क्षमता 600 आणि उरलेले 900 एसएसबीचे. म्हणजे निम्मे मार्क पाच दिवस अनोळखी लोकांत कसं वागता, कसं बोलता याचे. आणि आपण मुलांना, विशेषतः मुलींना, काय शिकवतो? मोठ्या माणसांसमोर गप्प बसायचं.

नंतर अकरावीसाठी दोन कॉलेजं पाहिली. एका ठिकाणी एनसीसी आहे, पण मुलींसाठी जागा नाहीत. का, तर "मागणीच येत नाही." दुसऱ्या ठिकाणी एनसीसीच्या मॅडमनी मैदान दाखवलं आणि एक मोलाची गोष्ट सांगितली : आर्ट्स घेऊनही एनडीएतून लष्करात जाता येतं, पण लेखी परीक्षेत गणित सगळ्यांनाच आहे. नौदल, हवाई दलासाठी मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतंच. हे अकरावीच्या ॲडमिशनआधी कळायला हवं. बारावीनंतर कळून उपयोग नाही. वयाची मर्यादाही साडेसोळा ते साडेएकोणीस.

दहावीनंतर तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे, मुलांसाठी. मुलींसाठी तशीच संस्था 2023 पासून नाशिकला सुरू झाली. प्रवेशाला लेखी परीक्षा आणि मुलाखत. एनडीए हुकली तरी पदवीनंतर सीडीएस आहे. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडनं असेल आणि पदवीला 50 टक्के असतील, तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचा मार्ग आहे. त्या एसएसबीची तयारी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात होते. राहणं, जेवण, प्रशिक्षण मोफत.

भाचीचं होईल की नाही, माहीत नाही. परीक्षा अवघड आहे, जागा मोजक्या आहेत. पण परतीच्या एसटीत दाजी म्हणाले, "साहेब तर आपल्यासारखाच माणूस निघाला."

म्हणून सांगतो, दहावीतलं लेकरू घरात असेल तर एक दिवस रजा टाका. त्याला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जा, कॉलेजात एनसीसीची चौकशी करा. मुलींना जागा नाहीत म्हणाले तर लेखी अर्ज द्या, म्हणजे मागणी येत नाही असं पुन्हा कुणी म्हणणार नाही. आणि साहेबांसमोर बसल्यावर तुम्ही गप्प राहा. लेकराला बोलू द्या.