उत्तरपत्रिकेबाहेरची परीक्षा

परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? घंटा, पुरवण्या, पर्यवेक्षकांची करडी नजर आणि 'थोडक्यात टिपा लिहा'. ही परंपरा जुनी आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. शिकवायचे महाविद्यालयांनी, तपासायचे विद्यापीठाने. शिकणे एका घरी आणि परीक्षा दुसऱ्या घरी, अशी वाटणी तेव्हापासूनची.

यंदा अर्थशास्त्राच्या सरांनी ट्यूटोरियलऐवजी वेगळेच काम दिले. एखाद्या शेतकऱ्याचा सातबारा त्याला समजावून सांगा आणि त्याने विचारलेले प्रश्न उत्तरांसह लिहून आणा. वर्गात हशा पिकला. सातबारा हा काय अभ्यास झाला!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दादांना, म्हणजे वडिलांना, सहीपुरती अक्षरे येतात. गाव नमुना सात म्हणजे जमिनीचे हक्क, बारा म्हणजे पिके, एवढे मला पाठ होते. पण आमची जमीन दोन एकर आणि कागदावर ०.८१ हेक्टर! "दोन एकराचं एक बी भरंना व्हय गं?" दादांनी विचारले. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, हे मी भुईमुगाच्या शेंगा मांडून दाखवले. मग 'इतर अधिकार' या रकान्यातला सोसायटीचा बोजा वाचला. "त्ये तर फेडलंय न्हवं? मग अजून कसं?" याचे उत्तर कोणत्याच गाइडात नव्हते. चावडीवर जाऊन विचारले, तेव्हा कळले की कर्ज फिटल्याचा दाखला जोडून अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होतो. तो अर्ज मी लिहिला.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळांसाठी मोडी, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. त्या मागणीचा अर्थ मला त्या दिवशी चावडीवर उमगला.

तरीही लेखी परीक्षेची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. बैठक क्रमांकामागे आडनाव झाकले जाते, बाप कोण ते दिसत नाही. आमच्यासारख्यांना हा मोठाच आधार आहे. उलट, ज्याच्या घरी शिकलेली माणसे, त्याच्या प्रकल्पाची फाईल आपोआप सजते. काही फायली तर झेरॉक्सच्या दुकानातच जन्माला येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'क्षेत्रप्रकल्प' हा शब्द अभ्यासक्रमात आला खरा, पण शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात एकटे प्राध्यापक कोणाकोणाची पडताळणी करणार?

यावर सरांनी केले ते मला पटले. कशाला किती गुण हे त्यांनी आधीच फळ्यावर लिहिले होते, सजावटीला शून्य. फाईल घेताना प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे प्रश्न विचारले. मला विचारले, "शेतकऱ्याचा कोणता प्रश्न तुला आधी सुचला नव्हता?" हे उत्तर विकत मिळत नाही. लेखी पेपर राहावा. त्याच्या जोडीला असे एक काम प्रत्येक विषयात असावे, एवढेच माझे म्हणणे.

मला पंधरापैकी बारा गुण पडले. फेरफार अजून व्हायचा आहे. मध्यंतरी आळीतल्या तिघांनी आपापले उतारे आणून दिले आहेत. त्यांच्या हाती गुण नाहीत. पण परीक्षक म्हणून ते फार कडक आहेत.