आळशी यादी

'आळशी' हा शब्द मी वीस वर्षांच्या नोकरीत किती मुलांना चिकटवला असेल, हिशेब नाही. त्यामुळे संगणक शिकणारी माझी लेक एका रात्री "अम्मी, ही आळशी यादी बघ" म्हणाली तेव्हा मला हसूच आलं.

तिनं पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या. एकपासून सुरू होणाऱ्या, कधीच न संपणाऱ्या संख्या. अशी यादी आधी सगळी तयार करायला गेलं तर संगणकाची मेमरी भरून जाईल. पण तिच्या फेऱ्यात 'यील्ड' हा शब्द होता. तो एक संख्या देतो आणि कुठे थांबलोय ते लक्षात ठेवून तिथेच बसतो. 'नेक्स्ट' म्हटलं की पुढची. मागाल तेव्हाच, मागाल तेवढंच.

माझी नानी अशीच गोष्ट सांगायची. शहजादा विहिरीपाशी आला की ती गप्प. आम्ही "फिर क्या हुआ?" विचारलं नाही तर तो रात्रभर तिथेच उभा. मला तर वाटतं, आम्ही विचारेपर्यंत पुढचं तिलाही ठाऊक नसायचं.

ही कल्पना जुनी आहे. फ्रीडमन आणि वाइज या दोघांनी 1976 मध्येच यादीचे घटक गरज पडेपर्यंत मोजू नयेत, असं मांडलं होतं. 1990 च्या हॅस्केल भाषेत तर साधी यादीसुद्धा आळशीच असते. पायथनमध्ये 'यील्ड' 2001 साली आलं.

मला हुरूप आला. घटक चाचणीचे गुण संगणकावर होतेच. 48 मुलांचे गुण एकेक करून देणारी ओळ मी लिहिली, गोल कंसात. आधी बेरीज केली, बरोबर आली. मग त्याच यादीतून 14 पेक्षा कमी गुणवाले मोजले. शून्य! मी खूश. पेपर माझ्याच हाताने तपासलेले, तरी शंका आली नाही. वर्गात जाऊन सांगूनही टाकलं, सगळे पास.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. मधल्या सुट्टीत एक मुलगा आला. "मॅडम, मला तर नऊच आहेत. मी घरी अब्बांना पास झालो म्हणून सांगितलं." हा तोच, ज्याला मी सगळ्यात जास्त वेळा आळशी म्हटलं होतं.

लेकीनं एका नजरेत चूक पकडली. पायथनची ही यादी एकदाच वाचता येते. बेरजेनं 48 गुण घेतले आणि ती रिकामी झाली. नंतर मोजायला काही उरलंच नव्हतं, आणि पायथननं तक्रारही केली नाही, कारण रिकामं असणं ही त्याच्या लेखी चूक नाही. हॅस्केलची यादी एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवते, दुसऱ्यांदाही वाचता येते. मात्र जपायचं म्हटलं की मेमरी अडकून राहते.

खरं तर 48 आकड्यांसाठी आळसाची गरजच काय होती? तिनं गोल कंस काढून चौकोनी घातले. झाली साधी यादी. नापास सहा निघाले.

त्या मुलाच्या घरी मीच फोन केला. चूक माझी, त्याची नाही, असं सांगितलं. वडील क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "पण मॅडम, नऊ त्याचेच ना?"