रिसोडहून वत्सगुल्माकडे

वऱ्हाडांतील रिसोड हें गांव वाशीमच्या पश्चिमेस आहे. रिसोड म्हणजे ‘ऋषिवट’ असें जुनी मंडळी सांगतात. आणि वाशीमचें प्राचीन नांव ‘वत्सगुल्म’ हें वत्स ऋषीच्या आश्रमावरून पडलें, अशी कथा आहे. रिसोडहून वाशीमास जाऊन पद्मतीर्थाचें दर्शन घेणाऱ्या प्रवाशानें या कथांबरोबरच तेथील एका राजकुळाची हकीकतही ध्यानांत ठेवावी. कारण त्या कुळाचें नातें कोणाशीं, हें कोडें सुटण्यास १९३९ साल उजाडावें लागलें.

हें कुळ वाकाटकांचें, गोत्र विष्णुवृद्ध. सम्राट् पहिल्या प्रवरसेनास चार पुत्र होते असें पुराणें म्हणतात. ज्येष्ठ गौतमीपुत्र पित्याच्या हयातींतच वारला व त्याच्या मुलापासून नागपुरानजीकची नंदिवर्धनाची शाखा चालली. मग इतर पुत्रांचें काय झालें? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें धन्याची वंशावळ कोरविली आहे. परंतु तो लेख फार झिजलेला. प्रवरसेनानंतरचीं दोन नांवें डॉ. ब्यूलर यांनीं रुद्रसेन व पृथिवीषेण अशीं वाचलीं. हीं नांवें थोरल्या शाखेंत प्रसिद्धच होतीं. परिणामीं दोन वंश एकांत एक मिसळले, आणि एक संपूर्ण शाखा इतिहासांतून नाहींशी झाली!

१९३९ सालीं वाशीम येथें ताम्रपट मिळाले. विंध्यशक्ति राजानें आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षीं वत्सगुल्माहून दिलेलें हें दानपत्र आहे. त्यांत पिता सर्वसेन व पितामह प्रवरसेन अशीं नांवें स्वच्छ आहेत. त्या आधारें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं अजिंठ्याचा लेख पुन्हां तपासला, तों तेथेंही सर्वसेन व विंध्यसेन हींच नांवें निघालीं. सर्वसेन म्हणजे ‘हरिविजय’ या लुप्त प्राकृत काव्याचा कर्ता.

या शाखेंत पणजाचें नांव पणतूस ठेवलेलें वारंवार दिसतें. पहिल्या विंध्यशक्तीचा पणतू विंध्यशक्ति, पहिल्या प्रवरसेनाचा पणतू प्रवरसेन. या दुसऱ्या प्रवरसेनाचा पुत्र आठ वर्षांचा असतां गादीवर आला. त्याचें नांव अजिंठ्यास पुसलेलें आहे. पुढें सांपडलेल्या ताम्रपटांवरून तें सर्वसेन असल्याचें कळलें. तोही पहिल्या सर्वसेनाचा पणतूच! जर्मनीच्या मध्ययुगीन सरदारघराण्यांचीं नातींही तेथील पंडित अशाच पुनरावृत्त नांवांवरून जुळवितात. पण नांवसाम्य हा मार्गदर्शक खरा, साक्षीदार मात्र नव्हे. थोरल्या शाखेंतही दुसरा प्रवरसेन होऊन गेला, हें विसरतां कामा नये.

आपल्या घरींही आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आहे. त्यामुळें वंशावळ लिहितांना दोन पिढ्यांचे गोविंद सहज एक होतात आणि मधली पिढी, तिच्या लेकीसुनांसह, गळून जाते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांशीं नांवें ताडून पाहावींत. जेथें आधार नाहीं, तेथें ओळ कोरी ठेवावी. कोऱ्या जागीं खरें नांव उद्यां तरी लिहितां येतें. अंदाजानें भरलेल्या जागीं तें कोणी शोधीतही नाहीं.