कबरीकडून जन्मगावाकडे

पोझ्नानहून सकाळच्या गाडीने निघून इनोव्रोत्सवावला उतरले. मिठामुळे नावारूपाला आलेलं हे शहर मागे टाकलं, की कुयावीची सपाट काळी जमीन सुरू होते. त्या रानात गुरा नावाचं खेडं आहे. स्तानिस्वाव पशिबिशेव्स्की या पोलिश लेखकाची कबर तिथे आहे.

कबरीपाशी उभी राहिले आणि मनात आलं बर्लिन. १८८९ मध्ये वास्तुशास्त्र शिकायला गेलेला हा तरुण आधी वैद्यकाकडे वळला आणि मग लेखनात बुडाला. ‘काळं डुक्कर’ नावाच्या मद्यालयात नाटककार स्ट्रिंडबर्ग आणि चित्रकार मुंक यांच्यासोबत त्याच्या रात्री सरत. पियानोवर बसला, की शोपँचं संगीत. जग डोळ्यांना दिसतं तसं रंगवून भागत नाही, आतल्या जिवाची तडफड उघडी झाली पाहिजे, हाच त्याचा ध्यास. मुंकच्या चित्रांवरचं पहिलं पुस्तक १८९४ मध्ये त्यानेच संपादित केलं. पण हे सगळं जर्मनमध्ये!

१८९८ मध्ये तो क्राकुफला आला, तिथल्या साहित्यिक नियतकालिकाचा संपादक झाला आणि मायबोलीत लिहू लागला. तरुण त्याच्यामागे वेडे झाले. घर मात्र मोडलं. त्याची नॉर्वेजियन पत्नी दाग्नी १९०१ मध्ये तिफ्लिसला गोळीला बळी पडली. तिची आठवण न काढता या कबरीपुढे हात जोडणं मला जमलं नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पोझ्नानच्या ‘झ्द्रुय’ मासिकाभोवतीच्या अभिव्यक्तिवाद्यांनी त्याला वडीलधारा मानलं. उतारवयात तो ग्दान्स्कला रेल्वेच्या कचेरीत नोकरी करत होता आणि तिथल्या मुलांना पोलिश शाळा मिळावी म्हणून देणग्या गोळा करत होता. त्याच्या साऱ्या पुस्तकांपेक्षा मला हा माणूस जवळचा वाटतो. १९२७ मध्ये इथून जवळच्याच यारोंतीत त्याने डोळे मिटले.

दुपारी वोयेवोला गेले. १८६८ मध्ये तो इथे जन्मला, गावच्या शिक्षकाच्या घरी. तेव्हा इथे प्रशियाचं राज्य होतं. पुढे शाळांमधून पोलिश भाषा हद्दपार होत गेली.

परतीच्या बसमध्ये दप्तरं घेतलेली पोरं चढली. सगळी एकदमच बोलत होती, मोठमोठ्याने, पोलिशमध्ये. मला एक शब्द कळत नव्हता, तरी शहर येईपर्यंत मी ऐकत राहिले.