आमची जुनी होडी

दिवाळीनंतर आम्ही बाणकोट खाडीकाठी एक जुनी होडी स्वस्तात घेतली. अंगणात पालथी घालून रंग खरवडला, कुजलेली फळी बदलली, फटींत सुती दोरा ठासून वर डांबर लावले.

आजीने विचारले, "पंचशील म्हणायचे आणि मासे मारायचे?" आम्ही गप्प झालो. रात्री 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडला. मूळ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद दाखवला आहे. आम्ही ठरवले, पोटापुरतेच धरायचे, बारीक मासळी परत सोडायची.

होडी पाण्यात घातली तर गळू लागली. दोन दिवस तशीच ठेवली. लाकूड फुगले, फटी मिटल्या. आजी म्हणाली, "आता जा. पण हाव धरू नका."