डासात कृमी सापडला, म्हणजे गुन्हेगार सापडला का?

२०२७पर्यंत हत्तीरोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले आहे. त्याविषयीच्या बातम्यांत औषधवाटपाचे आकडे असतात. डास तपासणाऱ्या प्रयोगशाळा क्वचितच दिसतात. मला मात्र त्या कामाविषयी विशेष आदर वाटतो.

रुग्णाचे रक्त पिणाऱ्या कोणत्याही डासाच्या पोटात सूक्ष्म कृमी जाऊ शकतात. बहुतेक जातींत ते तिथेच नष्ट होतात. तरी पीसीआर चाचणीत त्यांचा डीएनए आढळू शकतो. म्हणून खरी परीक्षा वेगळी असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासांच्या माद्यांना कृमीयुक्त रक्त पाजायचे, सुमारे दोन आठवडे त्यांना जगवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेकीचे विच्छेदन करायचे. कृमी छातीच्या स्नायूंत वाढून, दोनदा कात टाकून, सोंडेपर्यंत पोहोचला असेल, तरच त्या जातीत रोग वाहून नेण्याची क्षमता आहे असे म्हणता येते. निसर्गात ती जात माणसाला चावते का आणि तितके दिवस जगते का, हे पुन्हा निराळे पाहावे लागते.

इतका काटेकोरपणा कशासाठी? माझे आजोळ भंडारा जिल्ह्यातले. आजीचा सुजलेला पाय पाहतच मी मोठा झालो. गावात आरोग्य कर्मचारी रात्री रक्त तपासायला येत, कारण तिथले कृमी रात्रीच त्वचेजवळच्या रक्तात येतात. त्यांचा वाहक क्यूलेक्स डासही रात्रीच चावतो आणि सांडपाण्यात वाढतो. तिथे मच्छरदाणी आणि गटारांची स्वच्छता हे उपाय योग्यच.

निकोबारच्या नानकौरी बेटांवर मात्र कृमी दिवसाही रक्तात आढळतात. तिथला वाहक डाउन्सिओमायिया निव्हिया हा झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढणारा आणि दिवसा चावणारा डास. त्याच्यापुढे रात्रीची मच्छरदाणी काय करणार? म्हणूनच तिथे डीईसी हे औषध मिसळलेल्या मिठाचा आधार घेतला गेला.

डासातला डीएनए निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. वस्तीत कुणाच्या तरी रक्तात अजून कृमी आहेत, एवढे तो सांगतो आणि उच्चाटनाच्या अखेरच्या टप्प्यात ही सूचना मोलाची असते. पण रोग कोण पसरवतो, या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. त्यासाठी कुणाला तरी ते दोन आठवडे थांबावेच लागते. आजीच्या पिढीचे पाय आता पूर्ववत होणार नाहीत. पुढच्या पिढीचे वाचवायचे, तर लढायचे कोणत्या डासाशी हे आधी नेमके कळायला हवे.